आतड्याच्या पेशीला काय काय आठवते?

गालाच्या आतल्या बाजूवरून दात कोरायची काडी हलकेच फिरवायची, काडीला लागलेला ओलसर थर काचपट्टीवर पसरायचा, त्यावर मिथिलीन ब्ल्यूचा एक थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. हा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी वर्गात कधी ना कधी केलेला असतो. फरशीच्या तुकड्यांसारख्या पसरट पेशी दिसतात आणि प्रत्येकीच्या मधोमध गडद निळा ठिपका, म्हणजे केंद्रक. मुले खूश होतात, वहीत आकृती काढतात, भागांना नावे देतात आणि तास संपतो.

एका शिक्षक-शिबिरात हा प्रयोग चालू असताना आम्ही एक प्रश्न विचारला. या निळ्या ठिपक्यात फक्त गाल घडवण्याची माहिती आहे, की डोळा, हाडे, मेंदू, यकृत असा सगळा माणूस घडवण्याची? हात वर करायला सांगितल्यावर शिबिराचे सरळ दोन गट पडले. पहिल्या गटाचे म्हणणे असे की, गालाच्या पेशीला डोळ्याची माहिती हवीच कशाला? दुसऱ्या गटाचे उत्तर बरोबर होते, पण 'कशावरून?' असे विचारल्यावर 'पुस्तकात तसे दिले आहे' यापलीकडे कोणाला जाता येईना. खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हालाही नीट सांगता आले नाही. घरी येऊन पुस्तके काढून बसलो तेव्हा लक्षात आले, की पहिल्या गटाच्या बाजूने एकेकाळी मोठमोठे जीवशास्त्रज्ञ उभे होते आणि त्यांचे म्हणणे खोडून काढायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

प्रश्न साधा नाही. आपल्या शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी असतात आणि त्या सगळ्या एकाच फलित अंड्यापासून झालेल्या असतात. तरीही त्यांचे शेकडो प्रकार दिसतात. चेतापेशीला लांबलचक तंतू असतो, स्नायूपेशी आकुंचन पावते, स्वादुपिंडातील काही पेशी इन्सुलिन तयार करतात. एकाच घरातली ही भावंडे इतकी निरनिराळी कशी निपजली?

जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठातले प्राध्यापक ऑगस्ट वाइसमान यांनी १८९२ साली एका ग्रंथात याचे उत्तर दिले. वाइसमान यांचे डोळे अधू झाल्यामुळे त्यांना सूक्ष्मदर्शक जवळजवळ सोडून द्यावा लागला होता. त्यामुळे त्यांच्या कामात विचारांचा भाग मोठा आहे. त्यांची कल्पना आपल्याला चटकन समजेल, कारण ती शेतीच्या वाटण्यांसारखी आहे. आजोबांची शंभर एकर जमीन मुलांत वाटली गेली, मुलांची नातवंडांत, आणि शेवटी एकाच्या वाट्याला फक्त विहिरीजवळचा तुकडा आला, तर दुसऱ्याच्या वाट्याला माळावरचा. अंड्यातील आनुवंशिक माहितीही पेशीविभाजनाच्या वेळी अशीच असमान वाटली जाते, असे वाइसमान म्हणाले. ज्या पेशीच्या वाट्याला स्नायूचा तुकडा आला ती स्नायूपेशी झाली. संपूर्ण माहिती राहते ती फक्त पुढची पिढी निर्माण करणाऱ्या बीजपेशींकडे.

आज ही कल्पना चुकीची आहे हे ठाऊक असल्यामुळे तिला हसणे सोपे आहे. पण वाइसमान यांच्या हाताशी पुरावा होता. थिओडोर बोव्हेरी यांनी १८८७ मध्ये घोड्याच्या आतड्यात राहणाऱ्या जंताच्या भ्रूणात एक विलक्षण गोष्ट पाहिली होती. या जंताच्या शरीरपेशी आपल्या गुणसूत्रांचे काही भाग चक्क टाकून देतात आणि फक्त बीजपेशींमध्ये ती अखंड राहतात! जणू वाइसमान यांचे म्हणणे खरे करून दाखवण्यासाठीच हा जंत निर्माण झाला असावा. (त्याचे हे वागणे खरेच आहे. ते प्राणिसृष्टीतला अपवाद आहे, हे नंतर कळले.)

दुसरा पुरावा विल्हेल्म रू यांचा. रू यांनी १८८८ मध्ये बेडकाचे फलित अंडे दोन पेशींचे झाल्यावर तापवलेल्या सुईने त्यातली एक पेशी मारली. उरलेल्या पेशीपासून काय तयार होते याची वाट पाहिली, तर अर्धा भ्रूण तयार झाला. एकच बाजू असलेला. म्हणजे पहिल्याच विभाजनात उजव्या-डाव्या अंगांची वाटणी झाली होती, असे दिसले. प्रयोग, निरीक्षण, निष्कर्ष, सगळे कसे जागच्या जागी.

तीन वर्षांनी हान्स ड्रीश नावाच्या तरुणाने हाच प्रश्न दुसऱ्या प्राण्याला विचारायचे ठरवले. १८९१ मध्ये एड्रिॲटिक समुद्राकाठच्या ट्रिएस्ट येथील सागरी केंद्रात त्याने सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याची अंडी घेतली. ती दोन पेशींची झाली की समुद्राचे पाणी भरलेल्या छोट्या नळीत घालून काही मिनिटे जोरजोराने हलवायची, एवढेच त्याचे तंत्र होते. हलवल्याने काही जोड्यांतल्या पेशी सुट्या झाल्या. ड्रीशला रू यांच्यासारखेच अर्धे भ्रूण अपेक्षित होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यात पोहताना दिसल्या त्या पूर्ण, फक्त आकाराने लहान अशा अळ्या. नंतर चार पेशींच्या अवस्थेतील एकेका सुट्या पेशीपासूनही पूर्ण अळी तयार होऊ शकते असे दिसले.

आता कोणाचे खरे मानायचे? बेडूक एक सांगतो आणि सी-अर्चिन दुसरे. हा गुंता सुटायला १९१० साल उजाडले. अमेरिकेत मॅक्लेंडन यांनी बेडकाच्या दोन पेशींपैकी एक नुसती मारली नाही, तर शोषून बाहेर काढून टाकली. मग उरलेल्या एका पेशीपासून पूर्ण भ्रूण वाढला. रू यांच्या प्रयोगात मेलेली पेशी जिवंत पेशीला चिकटून राहिली होती, आणि शेजारी कोणीतरी आहे अशाच बेताने जिवंत पेशी वाढत राहिली. रू यांनी पाहिले ते खोटे नव्हते. पाहिलेल्याचा अर्थ लावताना त्या मेलेल्या पेशीचा हिशेब धरायचा राहून गेला. प्रयोगाची मांडणी शिकवताना आपण 'इतर सर्व गोष्टी समान ठेवून' असे शब्द वहीत लिहून देतो. त्यांचा अर्थ समजावण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

ड्रीश यांचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. कोणतेही यंत्र अर्धे केले तर त्याच्यापासून दोन पूर्ण यंत्रे होत नाहीत. मग हा भ्रूण आहे तरी काय, या विचाराने त्यांना इतके घेरले की, सजीवांत भौतिक-रासायनिक नियमांपलीकडची एक शक्ती काम करते, असे ते मानू लागले. हळूहळू प्रयोगशाळा सोडून ते तत्त्वज्ञानाकडे वळले. आम्हाला वाटते त्यांनी घाई केली. पण आपल्याच प्रयोगाचे उत्तर आपल्या समजुतीत बसत नाही, हे त्यांनी लपवले नाही.

तरी आपला मूळ प्रश्न शिल्लकच होता. दोन किंवा चार पेशींच्या अवस्थेत वाटणी झालेली नसते, एवढेच सिद्ध झाले. ती पुढे कधीतरी होत असेल. फ्रायबुर्गलाच काम करणाऱ्या हान्स श्पेमान यांनी ही मर्यादा थोडी पुढे ढकलली. त्यांचे हत्यार होते आपल्या तान्ह्या बाळाचा केस! न्यूट या शेपटी असलेल्या उभयचर प्राण्याच्या फलित अंड्याभोवती त्यांनी केसाचा फास आवळला, असा की केंद्रक एका बाजूला राहावे आणि दुसऱ्या बाजूला नुसते पेशीद्रव्य. केंद्रक असलेली बाजू विभाजित होत सोळा पेशींपर्यंत गेल्यावर एक केंद्रक मधल्या चिंचोळ्या वाटेने पलीकडे सरकले. मग फास पूर्ण आवळून दोन्ही बाजू वेगळ्या केल्या. दोन्हींकडे पूर्ण न्यूट वाढले. सोळापैकी एका केंद्रकातही सगळी माहिती शाबूत होती.

याच श्पेमान यांच्या हाताखाली हिल्डे मांगोल्ड या विद्यार्थिनीने भ्रूणाच्या एका विशिष्ट भागाचा तुकडा दुसऱ्या भ्रूणावर लावला आणि तेथे दुसरा, जोडीला चिकटलेला भ्रूण घडताना पाहिला. पेशी काय होणार हे तिच्या शेजाऱ्यांकडून येणाऱ्या संकेतांवरही ठरते, हे त्यातून कळले. तो शोधनिबंध १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी घरातल्या शेगडीच्या अपघातात भाजून हिल्डे गेली. तेव्हा ती पंचविशीत होती. ती कथा स्वतंत्र लेखाची आहे.

श्पेमान यांनी १९३८ मधील आपल्या पुस्तकात एक प्रयोग सुचवला आणि तो अद्भुत वाटेल असेही स्वतःच म्हटले. पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या एखाद्या पेशीतले केंद्रक काढायचे, ज्याचे स्वतःचे केंद्रक नाहीसे केले आहे अशा अंड्यात ते बसवायचे आणि काय होते ते पाहायचे. प्रश्न अगदी नेमका झाला होता. तो तपासण्याची साधने मात्र नव्हती.

ती १९५२ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला रॉबर्ट ब्रिग्ज आणि थॉमस किंग यांच्या हाती आली. बेडकाच्या अंड्यातले केंद्रक सुईने काढून टाकायचे, दुसऱ्या भ्रूणातील एक पेशी बारीक काचनळीत अशी ओढायची की तिचे आवरण फाटेल पण केंद्रकाला इजा होणार नाही, आणि ते अंड्यात सोडायचे. भ्रूण काही हजार पेशींचा पोकळ चेंडू असतो त्या वयाची केंद्रके घेतली, तेव्हा त्यांना पोहणारे बेडूकमासे मिळाले. पण जसजशी जास्त वयाच्या भ्रूणाची केंद्रके घेतली, तसतसे यश घटत गेले आणि शेवटी जवळजवळ शून्यावर आले. म्हणून त्यांनी म्हटले, की वाढीबरोबर केंद्रकात परत न फिरणारे बदल होतात. वाइसमान यांच्या वाटण्या जरा उशिराने का होईना, पण होत असाव्यात असे पुन्हा वाटू लागले.

येथे कथेत जॉन गर्डन यांचा प्रवेश होतो, आणि शिक्षक म्हणून आपल्याला थोडे थांबावे लागते. १९४९ साली इंग्लंडमधील ईटन या नामांकित शाळेत हा मुलगा जीवशास्त्रात अडीचशे मुलांमध्ये शेवटचा आला. त्याच्या शिक्षकांनी प्रगतिपुस्तकात लिहिले, की याला शास्त्रज्ञ व्हायचे आहे असे कळते. सध्याची प्रगती पाहता ते हास्यास्पद आहे आणि त्यात त्याचा व शिकवणाऱ्यांचाही वेळ वाया जाईल. शाळेत त्याचे विज्ञान सुटले, त्याला ग्रीक-लॅटिनकडे वळवले गेले. ऑक्सफर्डमध्ये प्रवेशही अभिजात भाषांसाठीच मिळाला होता. तेथे विषय बदलून तो प्राणिशास्त्राकडे आला. ते प्रगतिपुस्तक गर्डन यांनी पुढे चौकट करून आपल्या कामाच्या जागी लावले होते.

ऑक्सफर्डमध्ये १९५६ पासून ते मिखाईल फिशबर्ग यांचे संशोधक विद्यार्थी होते. फिशबर्ग यांच्याकडे ब्रिग्ज-किंग यांच्या बेडकाऐवजी झेनोपस हा दक्षिण आफ्रिकेतील बेडूक होता. हा प्राणी प्रयोगशाळांत पोहोचला त्याचे कारण मजेदार आहे. गरोदर स्त्रीची लघवी टोचली तर झेनोपसची मादी काही तासांत अंडी घालते. १९३० च्या दशकापासून अनेक देशांत गरोदरपणाची हीच चाचणी होती. त्यामुळे हे बेडूक दवाखान्यांत पाळले जात, आणि हार्मोन टोचून वर्षभर केव्हाही अंडी मिळत. शिवाय ते लवकर वयात येतात.

पण झेनोपसच्या अंड्याभोवतीचे चिकट आवरण इतके चिवट की सुई आत जाईना. गर्डन यांच्या मदतीला नशीब आले. अंड्यातले मूळ केंद्रक निकामी करण्यासाठी त्यांनी अतिनील किरण वापरून पाहिले, तर त्या किरणांनी आवरणही मऊ झाले. दुसरी अडचण जास्त मूलभूत होती. बेडूकमासा तयार झाला तरी तो बसवलेल्या केंद्रकापासूनच झाला, अर्धवट मेलेल्या जुन्या केंद्रकापासून नाही, हे कशावरून? योगायोगाने त्याच प्रयोगशाळेत असे झेनोपस सापडले होते, की ज्यांच्या केंद्रकात नेहमीच्या दोन गडद ठिपक्यांऐवजी एकच असतो. या ठिपक्यांना केंद्रिका म्हणतात. एकाच केंद्रिकेच्या बेडकाचे केंद्रक घेऊन ते नेहमीच्या बेडकाच्या अंड्यात बसवायचे आणि नंतर बेडूकमाशाच्या पेशींतील केंद्रिका मोजायच्या. एक निघाली तर केंद्रक पाहुण्याचे, दोन निघाल्या तर यजमानाचे. रू यांच्या मेलेल्या पेशीने जी चूक घडवली, तशी येथे होऊ नये म्हणून ही तजवीज होती.

आता मुख्य प्रयोग. खाऊपिऊ लागलेल्या बेडूकमाशाच्या आतड्याच्या अस्तरातील पेशी गर्डन यांनी घेतल्या. अन्नरस शोषून घेणे हे या पेशींचे काम. त्यांच्या एका कडेवर त्यासाठी बारीक केसांसारखी झालर असते. त्या विशेष झालेल्या आहेत यात शंका घ्यायला जागा कमी. अशी ७२६ केंद्रके अंड्यांत बसवली. बहुतेक अंडी वाढलीच नाहीत किंवा मध्येच थांबली. १० मात्र धडधाकट बेडूकमासे झाले. १९६२ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि १९६६ मध्ये आतड्याच्या केंद्रकापासून वाढलेल्या, स्वतः पिल्ले देऊ शकणाऱ्या प्रौढ बेडकांची माहितीही आली.

शेकड्याला दीडही यश नाही, हे कसले यश, असे मुले विचारतील. प्रश्न योग्य आहे. पण येथे मोजमापाचा नियम वेगळा आहे. आतड्याच्या केंद्रकात डोळ्याची, हृदयाची, स्नायूंची माहिती उरलेलीच नसेल, तर एकही बेडूकमासा होता कामा नये. ७१६ वेळा अपयश का आले त्याची दुसरी कारणे असू शकतात. झेनोपसचे अंडे दीडेक तासातच पहिल्यांदा विभाजित होते. सावकाश विभाजित होण्याची सवय असलेल्या केंद्रकाची तेवढ्या वेळात तयारी होत नाही आणि त्याची गुणसूत्रे फाटतात. तरीही लोक लगेच पटवून घ्यायला तयार नव्हते. एक विद्यार्थी प्रस्थापित संशोधकांच्या विरुद्ध निष्कर्ष काढत होता. शंकेखोर म्हणाले, आतड्यात भटकत आलेल्या काही अविशेष पेशी असतील, त्या दहा वेळा त्याच सापडल्या असतील. त्वचेच्या पेशींवर पुन्हा प्रयोग झाले तेव्हा १९७५ मध्ये बेडूकमासे मिळाले, पण प्रौढ बेडूक मिळाले नाहीत. वाद पुरता मिटला नव्हता.

वनस्पतींनी मात्र आधीच साक्ष दिली होती. पानफुटीचे पान मातीवर ठेवले की कडेने रोपे फुटतात, हे आपण तिसरी-चौथीलाच दाखवतो. एफ. सी. स्ट्यूअर्ड यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गाजराच्या मुळातील पेशी चक्क नारळाच्या पाण्यात वाढवून त्यांच्यापासून गाजराची पूर्ण झाडे मिळवली. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६४ मध्ये याच्याही पुढची गोष्ट दाखवली: धोत्र्याच्या परागकोशातून भ्रूण निघाले आणि ते परागकणांपासून झालेले होते. परागकण तर एकाच कामासाठी घडलेला असतो.

माहिती जर सगळीकडे आहे, तर पेशी वेगळ्या होतात कशा? त्याचा धागा एका जिवाणूने दिला. पॅरिसमध्ये फ्रान्स्वा झाकॉब आणि झाक मोनो यांनी १९६१ मध्ये दाखवले, की दुधातली साखर समोर असेल तेव्हाच जिवाणू ती पचवणारी जनुके चालू करतो, एरवी ती बंद ठेवतो. आपल्या पेशींतही जनुकांना चालू-बंद करणारी प्रथिने असतात, शिवाय ज्या प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या आणि खुद्द डीएनएवरच्या रासायनिक खुणाही असतात. गालाच्या पेशीत इन्सुलिनचे जनुक आहे, फक्त ते घट्ट मिटलेले आहे. वाटण्यांची उपमा सोडून आता ग्रंथालयाची घ्यावी: प्रत्येक गावात तीच सगळी पुस्तके, पण प्रत्येक गावातली उघडी कपाटे वेगळी.

अपवाद आहेतच. माणसाची तांबडी रक्तपेशी केंद्रकच टाकून देते. आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी डीएनएचे तुकडे खरोखरच कापून नव्याने जोडतात, हे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवले. तेवढ्यापुरते वाइसमान बरोबर होते.

सस्तन प्राण्यांत हे जमणार नाही असे अनेकांना वाटत होते. स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेत इयन विल्मट आणि कीथ कॅम्पबेल यांनी सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतील पेशी घेतल्या, त्यांना काही दिवस उपाशी ठेवून विभाजन थांबवले आणि मग २७७ अंड्यांत त्या बसवल्या. जुलै १९९६ मध्ये एक कोकरू जन्मले, ते म्हणजे डॉली.

अंड्याच्या आत असे काय आहे, की जे मिटलेली कपाटे उघडते? क्योटोमधील शिन्या यामानाका यांनी हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. गर्डन यांचा निबंध निघाला त्याच १९६२ साली यामानाका जन्मले. भ्रूणाच्या पेशींत महत्त्वाची वाटलेली २४ जनुके त्यांच्या गटाने निवडली. त्यांचा सहकारी काझुतोशी ताकाहाशी याने ती सगळी एकदम उंदराच्या त्वचेखालच्या पेशींत घातली, तर काही पेशी भ्रूणपेशींसारख्या झाल्या. मग एकेक जनुक वगळत गेल्यावर चारच पुरतात असे निघाले. हे २००६ मध्ये. माणसाच्या पेशींवर २००७ मध्ये. अंडे नको, केंद्रक काढणे नको. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. २०१४ मध्ये जपानमध्ये एका वृद्ध स्त्रीच्या दृष्टिपटलाखाली तिच्याच त्वचेपासून अशा रीतीने बनवलेल्या पेशींचा पातळ थर बसवण्यात आला. शिबिरातल्या प्रश्नाचे याहून थेट उत्तर सापडणार नाही: त्वचेच्या पेशीत डोळा होता.

पण ब्रिग्ज आणि किंग यांनी पाहिलेला विरोधही खोटा नव्हता. गर्डन यांच्याच प्रयोगशाळेने २००८ मध्ये बेडकाच्या स्नायूपेशींची केंद्रके अंड्यांत बसवून पाहिली. त्या भ्रूणांत, जेथे स्नायू होणारच नव्हता अशा भागांतही, स्नायूचे एक जनुक बराच काळ चालूच राहिले. इतकी विभाजने होऊनही आपण कोण होतो ते केंद्रकाला पुरते विसरता आले नव्हते. यामानाकांच्या रीतीने बनवलेल्या पेशींतही असेच दिसते. उंदराच्या रक्तपेशींपासून बनवलेल्या पेशी पुन्हा रक्ताकडे अधिक सहज वळतात, आणि त्वचेखालच्या पेशींपासून बनवलेल्या तितक्या सहज वळत नाहीत, असे २०१० मध्ये आढळले.